उमरठच्या उतारावरील प्रयोगशाळा



पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात अजरामर झाले आहे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाणा घेताना धारातीर्थी पडलेल्या नरवीर तानाजी मालुसरे यांची समाधी या गावी आहे. दूरदूरचे लोक येथे येतात, समाधीपुढे मस्तक नमवतात आणि पुन्हा घाट चढून किंवा महामार्ग गाठून आपापल्या गावी परततात. मात्र ज्या डोंगरांच्या कुशीत हे गाव वसले आहे, त्या डोंगरांकडे फारसे कोणी थांबून पाहत नाही. तो कोंढाण्याचा कडा रात्रीच्या अंधारात चढला गेला. अंधारात कडा चढायचा तर कोणता दगड पक्का व कोणता फसवा, पाऊल कोठे ठरेल आणि कोठे निसटेल, हे पायांना ठाऊक असावे लागते. ते ज्ञान पोथीतले नव्हते. लहानपणापासून डोंगराशी जडलेल्या निकट परिचयातून ते आलेले होते.

आज याच डोंगरातील सहावी-सातवीच्या मुलाला ‘विज्ञान म्हणजे काय?’ असे विचारले, तर त्याच्या डोळ्यांसमोर काय येते? परीक्षानळी, पांढरा डगला, पाठ्यपुस्तकातील नामनिर्देशित आकृती आणि परीक्षेत त्या आकृतीला मिळणारे गुण. शाळेच्या खिडकीबाहेर उभा असलेला डोंगर, त्यावरचा ऐन आणि किंजळ, पावसाळ्यात फुटणारे झरे, दगडावरचे दगडफूल यांपैकी काहीही त्याला विज्ञान वाटत नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय हाच आहे. विज्ञान शिकणाऱ्या मुलाने निसर्गात वेळ घालवणे ही करमणूक नव्हे, सहलीचा उपचारही नव्हे. तो विज्ञानशिक्षणाचा पाया आहे. सह्याद्रीच्या या उतारांवर तर तो जीवनमरणाचाही प्रश्न आहे.

परिसर कोठे हरवतो?

महाराष्ट्रातील शालेय अभ्यासक्रमाकडे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. तिसरी ते पाचवीच्या मुलांना ‘परिसर अभ्यास’ या नावाचा विषय असतो. सहावीत त्याची जागा ‘सामान्य विज्ञान’ घेते. हा बदल अभ्यासक्रमाच्या दृष्टीने स्वाभाविकच आहे, कारण मूल आता बल, पेशी, आम्ल, विद्युत अशा अमूर्त कल्पनांकडे वळणार असते. परंतु व्यवहारात असे घडते की विषयाच्या नावातून परिसर गेला, की शिकवण्यातूनही तो जातो. ज्या वयात मुलाची बुद्धी कार्यकारणभाव जोडू लागते, नेमक्या त्याच वयात त्याच्या हातून पान, दगड, किडा, पाणी हे सारे काढून घेतले जाते आणि त्यांच्या जागी व्याख्या दिल्या जातात. ‘बाष्पोत्सर्जन’ हा शब्द त्याला पाठ असतो. पण पळसाच्या पानांच्या डहाळीला प्लास्टिकची पिशवी बांधून दुपारी तिच्यात जमलेले पाणी त्याने पाहिलेले नसते.

सहावी ते आठवी हीच ती वर्षे, ज्यांत मुलाची जिज्ञासा एक तर शिस्त धारण करते, नाही तर कायमची विझते. त्यापूर्वी मूल नुसते आश्चर्य करते. त्यानंतर परीक्षांचे ओझे वाढते. मधल्या तीन वर्षांत जर त्याला ‘पाहा, मोज, लिहून ठेव, पुन्हा पाहा’ ही सवय लागली, तर ती पुढे आयुष्यभर पुरते.

बिरवाडीच्या खाटेशेजारी

ही सवय काय करू शकते याचे उदाहरण शोधण्यासाठी उमरठच्या माणसाने फार लांब जाण्याचे कारण नाही. शेजारच्या महाड तालुक्यातच ते घडले आहे.

डॉ. हिंमतराव बावस्कर हे जालना जिल्ह्यातील देहेड या गावचे, शेतकरी कुटुंबातील. १९७६ साली ते महाडजवळील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून दाखल झाले. त्या काळी कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे अनेकदा मृत्यूच असे. लहान मुले विशेषत्वाने बळी पडत. आरोग्य केंद्रात अद्ययावत यंत्रे नव्हती. होते ते डोळे, हात, रक्तदाबमापक आणि वही. डॉ. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसले आणि त्यांनी एकेक लक्षण नोंदवायला सुरुवात केली. आधी उलटी आणि दरदरून घाम, मग गार पडणारे हातपाय, चढणारा रक्तदाब आणि अखेरीस फुफ्फुसांत भरणारे पाणी. कोणत्या रुग्णात काय, कोणत्या क्रमाने आणि दंशानंतर किती वेळाने घडते, हे नोंदींतून हळूहळू उलगडत गेले. विंचवाचे विष हृदयावर आणि रक्तवाहिन्यांवर कसा आघात करते हे त्यांनी ओळखले. त्यांचे निरीक्षण १९८२ साली ‘द लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबावरील ‘प्राझोसिन’ या औषधाचा वापर करून त्यांनी विंचूदंशाच्या गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण, जे चाळीस टक्क्यांच्या घरात होते, ते एक टक्क्याच्या आसपास आणले. २०२२ साली त्यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

या कथेत विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे असे काय आहे? विंचू तर कोकणात युगानुयुगे होताच. त्याचा दंशही सर्वांच्या परिचयाचा होता. ‘उतारा पडला तर वाचेल’ एवढीच सर्वसाधारण समजूत असे. नवे होते ते एकच. कोणीतरी शांतपणे बसून पाहिले आणि जे पाहिले ते काळवेळेसह लिहून ठेवले. महाडसारख्या तालुक्याच्या ठिकाणी राहून जगाला उपयोगी पडेल असे संशोधन होऊ शकते, हे त्यांनी दाखवून दिले. जे आपल्या दाराशी आहे, त्याचा अभ्यास दारातल्या माणसाने करायचा असतो. बाहेरून कोणी येईल म्हणून थांबायचे नसते.

किहीमची सुगरण आणि सह्याद्रीतील जेलीफिश

याच रायगड जिल्ह्याचे, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याचे, दुसरे उदाहरण अलिबागजवळील किहीमचे आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली १९३० साली जर्मनीतील शिक्षण संपवून परतले, तेव्हा मुंबईच्या संग्रहालयातील त्यांचे पद रद्द झालेले होते. हाताशी नोकरी नव्हती. ते किहीमला येऊन राहिले. तेथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. दुसरा कोणी असता तर ‘किती सुंदर घरटी!’ म्हणून पुढे गेला असता. सालिम अली त्या वसाहतीपाशी दिवसचे दिवस बसून राहिले.

सुगरणीचे घरटे मादी विणते, असा आपल्याकडे सर्वत्र समज, नावच ‘सुगरण’. प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. तो घरटे अर्धे विणतो आणि थांबतो. मादी येते, घरट्याची पारख करते. तिने ते पसंत केले तरच तो ते पूर्ण करतो आणि त्यात ती अंडी घालते. मग तो नर शेजारीच दुसरे घरटे विणू लागतो आणि दुसऱ्या मादीची वाट पाहतो. सुगरणीच्या संसाराचा हा सारा क्रम सालिम अलींनी किहीमच्या त्या मुक्कामात उलगडून मांडला. त्यासाठी लागले ते डोळे, संयम आणि टिपणवही. पावसाळ्याच्या तोंडाशी कोकणातल्या किती गावांत विहिरीवरच्या झाडाला ही घरटी लोंबतात! प्रत्येक वर्षी ती तेथे असतात. पाहणाऱ्याची मात्र वाण असते.

तिसरे उदाहरण घाटमाथ्यापलीकडचे. महाबळेश्वरच्या पठारावर सावित्री आणि कृष्णा या दोन्ही नद्यांचा उगम मानला जातो. सावित्री पश्चिमेला कोसळून पोलादपूर आणि महाडवरून समुद्राला मिळते. कृष्णा पूर्वेला वळून थेट बंगालच्या उपसागराकडे जाते. १८८४ साली मालवणात जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर हे वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक विसाव्या शतकाच्या आरंभी सह्याद्रीत पायी हिंडत असत. या हिंडण्यात त्यांना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला. त्या प्रकारचा जीव तोवर केवळ आफ्रिकेतच असल्याचे मानले जाई. आघारकर स्वतः वनस्पतींचे अभ्यासक, पण डोळे उघडे असल्यामुळे प्राण्यांच्या अभ्यासातही मोलाची भर टाकून गेले. पुढे १९४६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ‘महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी’चे ते संस्थापक-संचालक होते. आज त्यांच्या नावाने ओळखली जाणारी आघारकर संशोधन संस्था ती हीच.

नोंद हे धन

केवळ पाहणे मात्र पुरेसे नसते. पाहिलेले लिहून ठेवले नाही, तर ते पाहणाऱ्याबरोबरच संपते. गिधाडांची कहाणी याची साक्ष देते.

एके काळी महाराष्ट्राच्या प्रत्येक गावाबाहेर मेलेल्या जनावरावर गिधाडांचा थवा उतरत असे. १९९०च्या दशकात ती दिसेनाशी झाली. ‘हल्ली गिधाडे दिसत नाहीत’ असे गावोगावचे लोक म्हणत होते. पण म्हणण्याला पुराव्याचे बळ नव्हते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी १९८०च्या दशकात गिधाडांची मोजणी करून ठेवली होती. तीच मोजणी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात पुन्हा झाली, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक पक्षी नाहीसे झाल्याचे दिसून आले. मग शोध सुरू झाला. गुराढोरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे ‘डायक्लोफिनॅक’ हे औषध मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली भारतात जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. जुनी मोजणी उपलब्ध नसती, तर हानी किती हे कळण्यास आणखी किती वर्षे गेली असती, कोण सांगणार? आज रायगड जिल्ह्यातच, म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात, गिधाडांची वसतिस्थाने जपण्याचे काम महाडच्या ‘सीस्केप’ या संस्थेने चिकाटीने केले आहे.

जपानमधील क्योतो नगरीत चेरीचा बहर कोणत्या दिवशी ऐन भरात आला, याच्या नोंदी नवव्या शतकापासून सापडतात. त्या लिहिणारे कोणी हवामानतज्ज्ञ नव्हते. राजदरबारातील लोक, भिक्षू, रोजनिशी लिहिणारे गृहस्थ होते. २०२१ साली तेथे २६ मार्चलाच बहर भरात आला आणि बाराशे वर्षांतील ही सर्वांत लवकरची तिथी असल्याचे जगाला सांगता आले. आता विचार करावा. उमरठच्या शाळेसमोरचा पळस यंदा कोणत्या दिवशी फुलला? काजवे पहिल्यांदा कोणत्या रात्री दिसले? पावशाची हाक कोणत्या दिवशी ऐकू आली? सात वर्षांतून एकदा फुलणारी कारवी या डोंगरावर शेवटची कधी फुलली होती? आजोबा म्हणतील, ‘पूर्वी लवकर फुलायची’. पण ‘पूर्वी’ म्हणजे कधी, हे कोणत्याही वहीत नाही. सहावीच्या एका वर्गाने आज ही वही सुरू केली आणि दरवर्षी पुढच्या वर्गाच्या हाती सोपवली, तर वीस वर्षांनी त्या शाळेकडे असा ठेवा असेल, जो कोणत्याही विद्यापीठाला पैसे मोजूनही मिळणार नाही. ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशातील अनेक शाळांची मुले झाडांच्या पालवीच्या, फुलांच्या आणि फळांच्या नोंदी करत आली आहेत. त्यासाठी लागते एक झाड, एक वही आणि आठवड्यातील काही मिनिटे.

डोंगर वाचता यावा म्हणून

आता विषयाच्या गाभ्याकडे वळणे प्राप्त आहे. निसर्ग म्हणजे केवळ फुले आणि पाखरे नव्हेत.

२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसे मातीखाली गेली. त्याच काळात पोलादपूर तालुक्यातील साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. महाड शहर पुरात बुडाले. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाड परिसरातील जुई, दासगाव या गावांनी हाच प्रलय अनुभवला होता. पुणे जिल्ह्यातील माळीण २०१४ साली आणि रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडी २०२३ साली अशीच नाहीशी झाली. सह्याद्रीच्या कुशीतील गावांना हे संकट नवे नाही आणि ते संपलेलेही नाही.

हे का घडते, हे सातवीच्या मुलाला समजू शकते. मात्र फळ्यावर नव्हे, उतारावर. सह्याद्री हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याच्या बेसॉल्ट खडकाचा बनलेला आहे. घाटातील कोणत्याही उभ्या कड्याकडे पाहिले तर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी वरचा खडक कुजतो. त्याचा मुरूम आणि माती होते. खाली अखंड कातळ, वर सैल माती. मुसळधार पावसात पाणी मातीत मुरते, खाली कातळाशी अडते, मातीचे वजन वाढवते आणि तिची पकड सैल करते. पुस्तकातील घर्षण, गुरुत्वाकर्षण, सच्छिद्रता हे तिन्ही पाठ या एकाच उतारावर एकत्र भेटतात.

पावसाचेही तसेच. २३ जुलै २०२१ च्या सकाळपर्यंतच्या २४ तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. हा आकडा वृत्तपत्रात वाचून मुलाला काहीच कळत नाही. पण ज्याने शाळेच्या अंगणात सरळ बाजूंची बाटली ठेवून रोज सकाळी ठरावीक वेळी पाऊस मोजला आहे, त्याला कळते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. ५९४ मिलिमीटर म्हणजे ते पाणी वाहून न जाता साचले, तर जवळजवळ दोन फूट. सहावीतल्या मुलाच्या गुडघ्यांच्या वर. एका हेक्टरवर सुमारे ५९ लाख लिटर. हे सारे पाणी सावित्रीच्या खोऱ्याकडे एका दिवसात धावत सुटले, तर काय होईल याचे उत्तर तो मुलगा स्वतःच देईल.

ज्याने डोंगर वर्षभर पाहिला आहे, त्यालाच डोंगरातला बदल दिसतो. जमिनीत नव्याने पडलेली भेग, एरवी निवळ असणाऱ्या झऱ्याला अचानक आलेले गढूळ पाणी, जेथे पूर्वी पाणी नव्हते तेथे फुटलेला उमाळा, झुकू लागलेली झाडे आणि विजेचे खांब, घराच्या भिंतीला गेलेला तडा. दरड कोसळण्यापूर्वीची ही धोक्याची चिन्हे म्हणून तज्ज्ञ सांगतात. शाळकरी मुलांनी दरडीचे भाकीत करावे, अशी अपेक्षा कोणी करू नये. ते भूवैज्ञानिकांचे व प्रशासनाचे काम आहे. सर्वच दरडी आधी चाहूल देतात असेही नाही. परंतु ज्या वाडीतील वीस मुलांना झऱ्याचे नेहमीचे पाणी कसे असते हे ठाऊक आहे, त्या वाडीत गढूळ पाण्याची बातमी संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचते. स्थलांतराची सूचना आली, तर ती का आली हे घरातील बारा वर्षांचा मुलगा आजीला समजावून सांगू शकतो. विज्ञानाचे शिक्षण गावाला याहून मोठे काय देणार?

‘आमची मुले निसर्गातच तर राहतात!’

येथे काही शंका उपस्थित होणे साहजिक आहे. पहिली शंका ग्रामीण शिक्षकांची आणि पालकांची. शहरातील मुलांना निसर्ग दाखवावा हे ठीक. पण उमरठची मुले तर गुरांमागे रानात जातात, लावणीला चिखलात उतरतात, त्यांना वेगळा निसर्ग काय दाखवायचा?

शंका रास्त आहे आणि तिच्यात एक सत्यही दडलेले आहे. या मुलांना पुष्कळ ठाऊक असते. मात्र शाळेत आल्यावर ते ठाऊक असणे अडाणीपणाचे लक्षण समजले जाते, ही खरी अडचण आहे. रायगड जिल्ह्यात पहिल्या पावसाच्या सुमारास शेवळे उगवतात. त्यांची भाजी नुसती शिजवली तर घशाला खाज सुटते; म्हणून घरातील जाणती स्त्री त्यात काकडे किंवा चिंच यांसारखे आंबट घालते. खाज सुटते ती कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुईसारख्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. मग आंबट घातल्याने आणि नीट शिजवल्याने नेमके काय होते? आजीच्या चुलीवरचा हा प्रश्न आठवीच्या आम्ल-आम्लारीच्या पाठाला जोडून घेतला, तर मुलाला दोन गोष्टी एकाच वेळी उमगतात. विज्ञान परके नाही आणि आजी अडाणी नाही. रानात असणे आणि रान पाहणे यांत जे अंतर आहे, ते प्रश्नाने भरून निघते. आणि प्रश्न विचारायला शिकवणे हे शाळेचे कर्तव्य आहे.

प्रश्न विचारण्याला श्रद्धेची आडकाठीही मानू नये. तानाजींच्या चरित्राशी जोडलेली घोरपडीची कथा या भागातील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. अनेक अभ्यासक तिला दंतकथा मानतात. एखाद्या सातवीच्या मुलीने विचारले की, घोरपडीची पकड एवढी घट्ट कशी, तिच्या नख्यांची रचना काय, तिला माणसाचा भार खरोखर पेलेल काय, तर तिला गप्प करू नये. त्या प्रश्नाने नरवीरांचे शौर्य तिळमात्र कमी होत नाही. उलट कडा माणसांनीच आपल्या हातापायांच्या बळावर सर केला, हे कळल्यावर ते अधिकच उजळते. घोरपड मात्र दुरूनच पाहावी. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला संरक्षण दिलेले आहे.

दुसरी शंका अभ्यासक्रमाची आणि परीक्षेची. रानात हिंडण्यात वेळ गेला, तर शिष्यवृत्ती परीक्षेचे काय? येथे राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मधील तरतूद ध्यानात घ्यावी. सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दप्तराविना दहा दिवसांचा कालावधी त्यात सुचवलेला आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांकडून मुलांनी शिकावे, हा त्यामागील मुख्य हेतू. त्या दहा दिवसांपैकी चार दिवस जरी डोंगर, ओढा, शेत आणि देवराई यांना दिले, तरी अभ्यासक्रमाला धक्का लागत नाही. शिवाय ज्याने पान हातात घेऊन शिराविन्यास पाहिला आहे, त्याला तो पाठ करावा लागत नाही.

तिसरी शंका सुरक्षिततेची. ती सर्वांत गंभीर. ती झटकून टाकणे हा बेजबाबदारपणा ठरेल. पावसाळ्यात ओढ्यात उतरायचे नाही, धबधब्याखाली जायचे नाही, विजा चमकत असताना उघड्यावर थांबायचे नाही. दगड उचलायचा तर हाताने नव्हे, काठीने, कारण खाली विंचू किंवा फुरसे असू शकते. पायात बूट हवेत, गटाबरोबर मोठी माणसे हवीत, जवळच्या आरोग्य केंद्राचा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर हवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप मुलांना चित्रावरून ओळखता यावेत आणि दंश झाल्यास मांत्रिकाकडे नव्हे, रुग्णालयात जायचे, हे पाठ असावे. ही खबरदारी हाही निसर्गशिक्षणाचाच भाग आहे. या भागातील मुलाला साप-विंचू भेटणारच आहेत. अज्ञानात भेटण्यापेक्षा ज्ञानात भेटणे बरे.

आरंभ कोठून करावा?

मोठ्या योजनांची वाट पाहण्याचे कारण नाही. पाच गोष्टी कोणत्याही शाळेला उद्यापासून करता येतील.

पहिली, प्रत्येक मुलाने एक झाड निवडावे आणि आठवड्यातून एकदा त्याच्यापाशी पंधरा मिनिटे बसावे. पालवी, फूल, फळ, येणारे पक्षी, किडे जे दिसेल ते तारखेसह लिहावे. उंबर निवडणाऱ्याचे भाग्य थोर! पिकण्याआधीचे उंबर फोडून पाहिले, तर आत इवल्या गांधीलमाश्या दिसतात. त्यांच्यावाचून उंबराला बी धरत नाही आणि उंबरावाचून त्यांचा वंश चालत नाही. परस्परावलंबनाचा याहून चांगला पाठ कोणत्या पुस्तकात आहे?

दुसरी, शाळेचा स्वतःचा पर्जन्यमापक असावा आणि रोजचा आकडा दर्शनी फलकावर लिहिला जावा. तिसरी, अंगणात एक सरळ काठी रोवावी आणि तिची दुपारची सावली मोजावी. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात या भागात एक दिवस असा येतो की, मध्यान्ही सावली नाहीशी होते. सुटी असली तरी मुले घरच्या अंगणात ते पाहू शकतात. जुलैअखेर तो योग पुन्हा येतो, पण बहुधा ढग आडवे येतात. पृथ्वीचा कललेला अक्ष समजण्यासाठी याहून स्वस्त साधन नाही.

चौथी, महाडजवळच्या सव येथील गरम पाण्याच्या झऱ्यांवर एकदा तापमापी घेऊन जावे आणि भोवतालच्या हवेचे व झऱ्याच्या पाण्याचे तापमान शिक्षकांच्या देखरेखीखाली मोजावे. पाचवी आणि सर्वांत महत्त्वाची, महिन्यातून एकदा गावातील एखादा जाणता शेतकरी, गुराखी, सुईण किंवा वैदू यांना शाळेत बोलवावे आणि मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत. जैवविविधता कायदा २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीने लोकजैवविविधता नोंदवही तयार करणे अपेक्षित आहे. मुलांच्या वह्या या नोंदवहीला खरा आशय देऊ शकतील.

शिक्षकांना सारे काही ठाऊक असले पाहिजे, अशी अट नाही. ‘हे मलाही माहीत नाही, चला, आपण मिळून शोधू,’ असे म्हणणारा शिक्षक मुलाला विज्ञानाची जी दीक्षा देतो, ती शंभर व्याख्यांनी मिळत नाही.

उमरठची बहुतेक मुले मोठी झाल्यावर मुंबई-पुण्याला जातील. पोटासाठी जाणे भाग आहे आणि त्यात कमीपणाही नाही. पण जाताना त्यांनी आपल्या डोंगराची ओळख बरोबर न्यावी. कोणी वैद्य होईल, कोणी अभियंता, कोणी शेतीकडेच परतेल. त्या प्रत्येकाला पाहण्याची, मोजण्याची आणि लिहून ठेवण्याची सवय उपयोगी पडेल. उद्या सकाळी शाळेची घंटा झाल्यावर वर्गशिक्षकांनी एवढेच करावे. पुस्तक बंद ठेवावे, मुलांना अंगणात न्यावे आणि विचारावे, ‘काल नव्हते आणि आज आहे, असे काय दिसते?’ पहिले उत्तर यायला कदाचित दहा मिनिटे लागतील. ती दहा मिनिटे वाया गेली, असे मात्र कोणी समजू नये.